"मग?" न विचारणारी

तिचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नसे. बाहुल्यावाल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात तिला 'घाईबाई' म्हटलं आणि ते असं चिकटलं, की घरी नवराही भांडताना तेच वापरू लागला.

कारखाना म्हणजे तरी काय, सायकलच्या दुकानावरची एक लांबट खोली. एका टोकाला काका लाकूड कोरायचे, खिडकीपाशी घाईबाई चेहरे रंगवायची. नाटकवाल्यांसाठी दोरीने नाचणाऱ्या बाहुल्या करायच्या, हा धंदा. काकांची शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. भुवई अशी काढ, ओठ तसा वळव, असं ते चुकूनही म्हणत नसत. कोरा चेहरा तिच्या हातात द्यायचे आणि त्या बाहुलीची गोष्ट सांगायला लागायचे.

"ही बाई आहे ना, हिच्या हातून सकाळी दूध उतू गेलंय. सासूला म्हणाली, मांजराने सांडलं. आणि घरात मांजरच नाही!"

एवढं ऐकलं, की घाईबाईला ती चोरटी भुवई दिसायची, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू दिसायचं. ती ब्रश उचलायची. "कळलं, काका!"

"अगं, पुढचं तरी ऐक. खरी गंमत पुढेच आहे."

"राहू दे. चेहरा मिळाला मला."

शितावरून भाताची परीक्षा करण्याचा तिला मोठा तोरा. हात होताही तसाच. काका मान डोलवायचे आणि उरलेली गोष्ट हातातल्या लाकडाला पुटपुटत सांगायचे. लहान पोरंसुद्धा गोष्ट ऐकताना "मग?" विचारतात. हिने इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एके दिवशी काकांनी तिच्या हातात एक म्हातारा दिला. "हा रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून बसथांब्यावर येतो. बस येते, दार उघडतं, हा चढत नाही. कंडक्टर ओरडतो, तरी नाही. का, तर..."

"कळलं, काका!"

काका हसले, हात धुवायला मोरीपाशी गेले आणि तिथेच कोसळले.

जीव वाचला, पण एक हात लुळा पडला आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, लिहायचेसुद्धा, आणि एकच मागे राहिला. "मग?" डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. पण दैवाने निवडून निवडून हाच ठेवावा? जन्मभर ज्याने सांगायचं काम केलं, त्याच्या तोंडी ऐकणाऱ्याचा शब्द!

इकडे म्हाताऱ्याच्या भुवया झाल्या, सुरकुत्या झाल्या, डोळे अडले. उदास काढले, तर तो भिकारी दिसला. हसरे काढले, तर वेडा. पुसून पुसून लाकूड उघडं पडलं, तेव्हा घाईबाईच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला काही कळलंच नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली होती ती. तो चढत का नाही हेच ठाऊक नाही, तर तो बघतोय कुठे? येणाऱ्या बसकडे, की मागे, घराकडे? काकांनी कोरून ठेवलेले बाकीचे चेहरेही मग गोष्टीवाचून तसेच उतरले, मेल्यासारखे. स्वतः गोष्ट रचायला बसली, तर "एक बाई होती" एवढं जमलं. पुढे ठणठणाट.

शेवटी म्हाताऱ्याला पिशवीत घालून ती काकांकडे गेली. दार काकूंनी उघडलं.

"काकू, बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट ऐकलीय का हो तुम्ही?"

"मला कुठे सांगायचे हे! सगळ्या गोष्टी तुझ्यासाठी. घरी यायचे ते रिकामे होऊन."

काका खिडकीपाशी खुर्चीत होते. घाईबाईने बाहुली त्यांच्या मांडीवर ठेवली. "काका, हा रोज बसथांब्यावर येतो."

काकांचा चेहरा उजळला. "मग?"

"बस येते. दार उघडतं. हा चढत नाही."

"मग?"

काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मग... त्याची मुलगी यायची असते. तिची वाट बघतो."

काकांनी मान हलवली. नाही. चांगली ठाम हलवली. शेवट त्यांना ठाऊक होता. तिथेच होता तो, त्या बंद ओठांमागे.

"घर सोडवत नाही त्याला?"

नाही.

"जायला कुठे ठिकाणच नाही?"

नाही. काकांचा बरा हात बाहुलीच्या कोऱ्या डोळ्यांवरून फिरला, ओठ थरथरले, कपाळाच्या शिरा ताठ झाल्या आणि बाहेर आलं ते पुन्हा तेच. "मग?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

घाईबाईने म्हाताऱ्याचे डोळे मिटलेलेच रंगवले. नाटकवाले खूश झाले. "वा, काय शांत झोपलाय!" म्हणाले. तिला त्यांच्या तोंडावर ब्रश फेकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काकांपाशी जाऊन बसली. पिशवी नव्हती, घाई नव्हती. हात मांडीवर ठेवून तिने जन्मात पहिल्यांदा विचारलं, "मग, काका?"

काका खुर्चीत तिच्याकडे वळले.

"मग?" ते म्हणाले.

खोलीत दोघं ऐकणारे बसले होते आणि सांगणारं कुणीच नव्हतं.