आडवी जाळी

माझी आत्या खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करते. करवून घेत नाही, करते. सळई तीच कापते, तीच वाकवते, वेल्डिंगही तीच मारते. नवरा दुसरा संसार थाटायला निघून गेला तेव्हा वेल्डिंगचं यंत्र मागे ठेवून गेला, कारण ते जड होतं. त्या माणसाने आयुष्यात केलेलं ते एकच चांगलं काम, असं आत्या म्हणते.

ती भांडकुदळ आहे. मी तिचीच भाची, म्हणून लोक आम्हा दोघींना एकत्र कुठे बोलवत नाहीत. पाण्याच्या तक्रारी, मोर्चे, कचऱ्याची न येणारी गाडी हे माझं खातं. त्यावरून ती मला ‘पुढारी’ म्हणते, आणि त्यात कौतुक नसतं.

तिच्याकडे नमुन्यांचं पुस्तक कधीच नव्हतं. डिझाइनं दाखवा म्हटलं की ती म्हणायची, तुमचं घर बघितल्याशिवाय मला काय ठाऊक? मग घरी जाऊन ठाण मांडायची. माप काय, चुटकीसरशी होतं, पण ही बाई हलायची नाही. कोण कुठे बसतं, खिडकीतून काय बघतं, दोरीवर काय वाळतंय, सगळं न्याहाळायची. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या जाळीत मशीनवरून घरंगळत फरशीवर गेलेल्या दोऱ्याचा वळसा आला. नर्सबाईंच्या खिडकीत धुऊन टांगलेले हातमोजे आले, बोटं खाली लोंबणारे. तिसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका बस चालवून चालवून कंबर गमावून बसलेले, कायम पलंगावर. त्यांच्या जाळीत तिने खालच्या रस्त्याचं वळण जसंच्या तसं उचललं आणि मध्ये जागा मोकळी सोडली. उशीवरून थेट रस्ता दिसावा म्हणून.

तुम्हाला सुचतं कसं हो, देणगीच ती, असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. “देणगी कसली? तुझ्याच घरातून उचललंय. डोळे तुलाही आहेत.”

आमच्या दोन्ही इमारतींच्या खिडक्या अशा तिच्या हातच्या. मग रंगकाम निघालं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला एकसारखेपणाचा झटका आला. म्हणे, बाहेरून शिस्त दिसली पाहिजे. कारखान्यातून तयार जाळ्या आणायच्या, सरळ सळयांच्या, सगळ्यांना एकच. जुन्या भंगारात. मी सभेत घसा फाडून बोलले. या माणसाला आपली घरं म्हणजे कपाटाचे खण वाटतात का, असं विचारलं. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, जिंकलं. मतं मागितली तेव्हा हात वर झाले ते सेक्रेटरीच्या बाजूने. शिवणताईंचा हात वर. नर्सबाईंचा वर. ड्रायव्हरकाकूंचासुद्धा, मान खाली घालून. ज्यांच्या घरात बसून तिने त्यांचं रोजचं जगणं बघितलं, त्या सगळ्यांचे हात. आत्या शेवटच्या रांगेत बसून एकेका हाताकडे बघत राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती मात्र दुसऱ्या दिवशी. जुन्या जाळ्या कापून नव्या बसवायचं काम आत्यानेच घेतलं, असं कळलं. मी तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन नको नको ते बोलले. लाज विकलीस का, इथपर्यंत गेले. तिने माझा आवाज बसेपर्यंत ग्राइंडर बंद केला नाही. मग चष्मा वर सरकवून म्हणाली, “दुसरा कुणी आला तर मधूनच कापेल. मी मुळाशी कापेन. झालं तुझं भाषण? मग चल, दुसरं टोक धरायला कुणी नाही.”

मी गेले. रागातच गेले. एकेक जाळी अख्खी निघत होती आणि जिन्यात भिंतीला टेकत होती. घरातली माणसं आतल्या खोल्यांत लपलेली. शिवणताईंनी चहा विचारला. आत्याने त्यांच्याकडचं पाणीही घेतलं नाही.

ड्रायव्हरकाकांकडे आलो तेव्हा काकू दारातच सांगायला लागल्या, सगळ्यांनी केला म्हणून मीही केला हात वर. आत्याने त्यांना हाताने बाजूला केलं. ग्राइंडर सुरू झाला तसे काका भिंतीकडे तोंड करून पडले. वळणाची जाळी खाली आली. खिडकीत उरलं भगदाड.

नवी जाळी पलंगाला अडथळा नको म्हणून मी कपाटाला आडवी टेकवून ठेवली होती. चौरस खिडकी, चौरस जाळी. आवाज थांबल्यावर काकांनी मान वळवली आणि त्या आडव्या सळयांकडे बराच वेळ बघितलं.

“ही बसची खिडकी कुठून आणलीस?”

काकू घाईघाईने समजावायला लागल्या, अहो, ती आडवी ठेवलीय, उभी बसणार आहे. काका म्हणाले, “राहू दे ना आडवी. जन्मभर पुढे बसलो. खिडकीची सीट कधी मिळालीच नाही.”

आत्या फरशीवर बसली. एकदा काकांकडे, एकदा सळयांकडे, एकदा उशीकडे. ही बैठक मला ठाऊक होती. मग उठली आणि जाळी आडवीच लावली. दोन सळयांमधली फट बरोबर काकांच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून चौकट दोन बोटं वर घेतली आणि चारही कोपरे भिंतीतल्या लोखंडाला पक्के जोडले.

खालून बघून सेक्रेटरी धापा टाकत आला. “हे आडवं बसवलंय.”

“दिसलं? बरं झालं.”

ठरावाची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, ठरावात एकच जाळी म्हटलंय, जाळी एकच आहे, सळया मोजून घ्या. तो म्हणाला, काढा. आत्या म्हणाली, “आता भिंत फोडूनच निघेल. हा घे हातोडा. काकांच्या समोर फोड.” हातोडा तसाच तिच्या हातात राहिला. पलंगावरून काका म्हणाले, “साहेब, गाडी भरलीय. मागच्या दाराने उतरा.” नोटीस पाठवतो, असं पुटपुटत तो उतरला.

आम्ही खाली निघालो तर जिन्यात शिवणताई उभ्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, आमच्या खिडकीचंही काही बघता येईल का? म्हणजे अगदी सरळ नको, काहीतरी आमचं असं. मी तिथेच फुटले. विचारायला सभा होती, म्हटलं, तेव्हा हात कुठे होता तुमचा?

“गिऱ्हाईक माझं आहे, पुढारी. तू गप्प बस,” आत्या म्हणाली. मग ताईंकडे वळली. “येईन. घरात बसून बघेन काय करता येतं ते. पण आज नाही. आज मला तुझं तोंड बघवत नाही.”