वंदनाचा गंधार

आता जे सांगतोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे फार काही नसतं. आठ वर्षं मी हे पोटात घेऊन वावरलो. त्याच हातांनी पेटी वाजवली, त्याच तोंडाने पोरांना सूर शिकवले. लोक ‘सर’ म्हणत राहिले, मी ओ देत राहिलो.

भोकरदनला माझा संगीताचा क्लास आहे. खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्या — एकीत शिकवतो, दुसरीत भिंतींना गाद्या ठोकून ध्वनिमुद्रण करतो. लग्नातली गाणी, शाळांची समूहगीतं, नवरात्रात रेणुकामातेची भक्तिगीतं. चाल मी लावतो आणि चांगली लावतो. उगाच नम्रपणा कशाला? चाल मला सुचते. मोटरसायकलवर सुचते, दाढी करताना सुचते. शब्द हातात पडले की त्यांची चाल मला त्यांच्यातच ऐकू येते. हे माझं आहे आणि खरं आहे.

खोटं पुढे आहे.

चालीखाली कॉर्ड लावावे लागतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर — गाणाऱ्याच्या आवाजाखाली अंथरलेली सतरंजीच म्हणा. कुठल्या सुराखाली कुठला कॉर्ड, आणि तोच का, याचं एक शास्त्र असतं. सगळे त्याला थिअरी म्हणतात. मला ती येत नव्हती. अजिबात. माझ्या लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. त्यात गाण्याची पट्टी निवडायची, मेजर की मायनर, म्हणजे गंधार (सारेगमतला ग) शुद्ध की उतरलेला कोमल, ते सांगायचं, बटण दाबायचं — कॉर्डची रांग समोर हजर. नाही आवडली तर पुन्हा बटण. मी बटण दाबत राहायचो आणि जी रांग कानाला बरी वाटेल ती चालीखाली सरकवून द्यायचो.

यात गुन्हा काय, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. आजही ते सॉफ्टवेअर मी वापरतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण क्लासच्या पाटीवर मी काय लिहिलं होतं? — ‘येथे थिअरीसह शिकवले जाईल.’ आणि लोकांना काय सांगितलं होतं? — पुण्यात तीन वर्षं थिअरी शिकलो. मी पुण्यात आठ महिने होतो. वाद्यांच्या एका दुकानात गिऱ्हाइकाला कीबोर्ड वाजवून दाखवायची नोकरी. त्या आठ महिन्यांची मी तीन वर्षं केली आणि दुकानाचं शिक्षण केलं. एखादं पोरगं विचारायचं, ‘सर, इथं हाच कॉर्ड का?’ मी म्हणायचो, ‘थिअरी आहे ती. पुढं कळंल तुला.’ पोरगं गप्प बसायचं. थिअरी हा शब्द फार कामाचा आहे — न येणाऱ्याने वापरला तर जास्तच.

आता वंदनाकडे यायला हवं. मघापासून टाळतोय, माझ्या लक्षात आलंय.

वंदना तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. इथल्या एका बालवाडीत शिकवायची. संध्याकाळी क्लासला यायची ती साडीच्या निऱ्यांना खडूची भुकटी लागलेलीच. ती गाणं कुणाकडे शिकलेली नव्हती. पण कान — असा कान मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. खाली दुकानापुढे टेम्पोने हॉर्न वाजवला तरी तो कुठल्या सुरात वाजला ते सांगायची आणि स्वतःच हसायची.

त्या वर्षी जालन्याला जिल्ह्याची समूहगीत स्पर्धा होती. मी अकरा मुली-बायांचा गट बसवला. गाणं माझंच — शिकायला एसटीने निघालेल्या मुलीचं. अंतऱ्यात एक ओळ होती: ‘मागं वळून पाहिलं, गाव केवढुसं झालं.’ ती ओळ एकटीने गायची होती आणि ती मी वंदनाला दिली होती. दुसरी कुणी नव्हतीच त्या ओळीची.

पहिले पंधरा दिवस तालीम नुसत्या पेटीवर झाली. सगळं सुरेख. मग मी लॅपटॉपवर कॉर्ड लावून संगीत तयार केलं आणि एका रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. मुलींच्या आया आल्या होत्या, दोघींचे वडील होते, जिच्या नावाने गट जाणार होता त्या शाळेचे मुख्याध्यापक खुर्ची टाकून बसले होते. गाणं सुरू झालं. ‘केवढुसं’वर आलं — आणि वंदना थांबली.

पुन्हा घेतलं. पुन्हा थांबली.

‘सर,’ ती म्हणाली, ‘इथं माझा गंधार आन् तुमचा कॉर्ड भांडून राह्यलेत. मी खाली उतरते, तो वरच बसलाय.’

हे तिने उर्मटपणे म्हटलं नव्हतं. एखादीने ‘सर, पंख्याचा आवाज येतोय’ म्हणावं तसं म्हटलं. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनीही पाहिलं. आणि मला — हे नीट ऐका — मला त्या क्षणी माहीत नव्हतं की चूक कुणाची आहे. थिअरी येत असती तर एका क्षणात कळलं असतं. येत नव्हती. ‘थांब, बघू’ एवढं म्हणता आलं असतं. दोन शब्द. मी काय म्हणालो?

‘थिअरीप्रमाणं कॉर्ड बराबर आहे. तू बेसूर होतीयेस. तुझा गंधार लागतच न्हाई.’

तिने पुन्हा प्रयत्न केला. गंधार वर चढवायला बघितला. तिला तो चढवता येईना, कारण गळा ती चाल ओळखत होता आणि मी तिला दुसऱ्याच सुरावर ढकलत होतो. आवाज फाटला. मागे एका आईने पदर तोंडाला लावला — हसू दाबायला. चौथ्यांदा मी मध्येच संगीत बंद केलं आणि म्हणालो, ‘बस खाली. ही ओळ दुसरं कुणीतरी म्हणंल.’

ती बसली. बाकीची तालीम होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

हे एवढंच असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं आणि कदाचित विसरलोही असतो. पण त्याच दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी मोबाईल काढला. चाल सुचली तेव्हा मी ती स्वतःच गुणगुणून मोबाईलमध्ये ठेवली होती. ती लावली. ‘गाव केवढुसं’ — माझाच आवाज, आणि गंधार खाली उतरलेला. कोमल. वंदना गात होती तोच, जिथल्या तिथे. सगळं गाणं शुद्ध गंधाराचं. फक्त त्या एका ओळीत मी तो उतरवला होता, कारण तिथे पोरगी मागे वळून बघते. मीच सुचवलं होतं ते; पेटीवर बोटं सवयीने तिथे पडत होती, सूर कुठला ते मी कधी मोजलंच नव्हतं. सॉफ्टवेअरला मी मेजर सांगितलं म्हणून त्याने तिथेही शुद्ध गंधाराचा कॉर्ड टाकला. बिचाऱ्याला काय ठाऊक कुणी वळून बघतंय ते?

तर मला कळलं. दुपारी दोन वाजता, ताटावरून उठल्या उठल्या, मला पूर्ण कळलं. संध्याकाळी तालीम होती. वंदना आलीही होती. मी तिच्यासमोर ती ओळ दुसऱ्या मुलीला शिकवली — शुद्ध गंधार लावून. कॉर्ड बदलला असता तर सगळ्यांना समजलं असतं. म्हणून मी चाल बदलली.

स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी संगीतरचनेचं वेगळं कौतुक केलं, मी हात जोडले. ढाल अजून क्लासमध्ये आहे. फोटोत दहा जणी आहेत.

वंदना त्या संध्याकाळनंतर क्लासला आली नाही. पुढे तिचं लग्न होऊन ती पिंपळगाव रेणुकाईला गेल्याचं ऐकलं. मी काय केलं? — काही नाही. पण बटण दाबताना हात अडखळायला लागला. प्रत्येक कॉर्डखाली कोण चिरडलं जातंय, असं वाटायला लागलं. चार वर्षांनी मी थिअरी शिकायला निघालो. चव्वेचाळिसाव्या वर्षी, चोरून.

अंकुशनगरला साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या आपल्या मुलाकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेलं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दर रविवारी मी जालन्याला गाडी बदलून त्यांच्याकडे जायचो. घरी सांगायचो, तिकडच्या भजनी मंडळाचं काम आहे. मास्तर कडक. पहिले दोन महिने कीबोर्डला हात लावू दिला नाही. नुसतं वहीत लिहायचं, कुठल्या सुरापासून कुठला सूर किती लांब. मला तिथे जन्मात पहिल्यांदा थिअरी दिसली — आणि ती अवघड नव्हती. हे सांगायला हवं. मन लावून केलं तर वर्षभराचं काम. मी चौदा वर्षं तिच्या नावावर जगलो आणि ती वर्षभराची निघाली.

एकदा मी त्यांना त्या रविवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तालमी मी नेहमी मोबाईलवर घेऊन ठेवायचो; ते पुसलं नव्हतं. का नव्हतं पुसलं, मला सांगता येत नाही. वंदना ‘केवढुसं’वर आली तसा मास्तरांनी हात वर केला.

‘पोरगी बराबर गाऊन राह्यली,’ ते म्हणाले. ‘बिलकुल बराबर. तिच्याखाली हा कॉर्ड कोण्या गाढवानं ठुला?’

मी म्हणालो, ‘माझ्या एका विद्यार्थ्यानं.’

वाचलंत? चार वर्षांनी, अंगणात आम्ही दोघंच, ऐकायला तिसरं कुणी नाही — तरी. मास्तर म्हणाले, ‘त्याला सांग, आधी गाणाराचं ऐकायचं, मंग बोटं ठेवायची.’ मी म्हणालो, सांगतो.

गेल्या वर्षी वंदना भेटली. भोकरदनच्या बसस्टँडवर, कडेवर दीड वर्षाची मुलगी. तिनेच हाक मारली. मी तब्येत, घरचं, बालवाडी असं विचारत राहिलो आणि शेवटी विचारलंच, ‘गातेस का?’

‘न्हाई सर,’ ती हसून म्हणाली. ‘माझा सूर लागत न्हाई ना. हिला झोपवायला बी मोबाईलच लावते मी. म्हणलं, उगं लेकराच्या कानात चुकीचं कशाला घालायचं?’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच वाईट. तिने माझं ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं, कारण सांगणारा थिअरी शिकलेला होता. तिची गाडी लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली, आणि तेवढंच केलं.

आता मला थिअरी येते. चांगली येते, कुणीही येऊन विचारावं. पाटीवरचं वाक्य आता खरं आहे. पण त्या रविवारी ते खोटं होतं. भोकरदनमध्ये हे वाचलं जाईल, माझे विद्यार्थी वाचतील, मुख्याध्यापक वाचतील, त्या दहा जणी वाचतील. वाचू देत. म्हणून नीट, सगळ्यांसमोर सांगतो, जसं बेसूर सगळ्यांसमोर म्हणालो होतो: वंदनाचा गंधार बरोबर होता. पहिल्या खेपेला, दुसऱ्या खेपेलाही. कॉर्ड चुकीचा होता, तो मी लावला होता, आणि त्याच दुपारी मला ते माहीत होतं.