बिनधुराची शेगडी

नूतन रामटेकेला स्वस्थ बसता येत नाही. स्वयंपाक करताना ती मधेच अंगणात जाऊन येते, जेवताना उठून भाताच्या गंजावरचं झाकण नीट करते. सासू वच्छलाबाई म्हणतात, "या पोरीच्या पायाले भिंगरी हाय." ती मूल या तालुक्याच्या गावी एका ज्युनियर कॉलेजात अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. सासर मूलपासून अर्ध्या तासावरच्या गावात, तिथून रोज स्कूटीनं येणंजाणं. नवरा मिथुन गडचिरोलीला नोकरीला, सुटीपुरता घरी येणारा.

त्या हिवाळ्यात नणंद दिव्यानी बाळंतपणाला माहेरी आली होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि मायलेकी घरी आल्या. थंडी अशी पडली होती, की सकाळी धानाच्या बांधीवर धुकं अंथरूण घालून बसलेलं असायचं. वच्छलाबाईंनी मागची लहान खोली सारवली, खाट टाकली आणि खाटेखाली शेगडी ठेवली. बाळंतिणीला शेक द्यायचा, तो त्यांच्या आईपासूनचा रिवाज.

दर खेपेला शेगडीत लाकडाचे निखारे आणि गोवऱ्या असत. त्यांचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून दार किलकिलं ठेवावंच लागे. यंदा सासरे गुणवंतराव चंद्रपूरहून लाकडी कोळशाचं पोतं घेऊन आले. छान कोळसा. पेटला की लालबुंद, धुराचा पत्ता नाही. वच्छलाबाई हरखल्या. धूर नाही म्हटल्यावर दार उघडं ठेवायचं कारणच उरलं नाही. त्यांनी खिडकीच्या गजांत गोणपाट कोंबलं आणि दाराच्या फटीत जुनी साडी सारली.

त्या सकाळी कॉलेजला निघण्याआधी नूतन बाळाला बघायला आत गेली. खोलीत ऊब होती, बाळ झोपलं होतं. दिव्यानी कपाळ दाबत पडली होती.

"वहिनी, डोकं लय जड जड वाटून राह्यलं."

"झोप नाई झाली तुझी," नूतन म्हणाली. मग तिला स्वतःलाच कसंसं झालं. उकडतंय की मळमळतंय, नेमकं कळेना. ती खिडकीशी गेली आणि गोणपाट ओढून काढलं.

वच्छलाबाई लगेच आत आल्या. "काऊन काढलं ते? लेकराले थंडी लागन ना."

"आई, थोडी हवा येऊ द्या."

"हवा पाह्यजे म्हणे! माह्या पयल्या पोराले हवाच लागली होती." त्यांनी गोणपाट पुन्हा कोंबलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचं पहिलं बाळ गार पडून गेलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. नूतननं गोणपाटाला पुन्हा हात लावला नाही. जाताना तिनं पोत्यातला मूठभर कोळसा पिशवीत घातला. वर्गात प्रयोगाला हवा होता.

रस्ताभर तिचं मन लागेना. धानाच्या गंज्या मागे पडत होत्या, हातमोजे विसरल्यानं बोटं बधिर झाली होती. काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. डबा घेतला होता, चाव्या घेतल्या होत्या. मग काय? मूलच्या भातगिरण्यांशी येईपर्यंत डोकं हलकं झालं होतं, तेवढं तिच्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ तिनं लावला नाही.

उजळणीसाठी तिनं पहिलाच धडा पुन्हा घेतला होता. द्रव्य म्हणजे ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं; ऊर्जेला वस्तुमान नाही, ती जागा अडवत नाही; आणि मापल्याशिवाय दोन्हींबद्दल बोलण्यात अर्थ नाही. नूतननं तराजूवर कोळसा ठेवला, वर्गाला वजन वाचायला लावलं आणि मुलांना घेऊन व्हरांड्यात लोखंडी घमेल्यात तो पेटवला. मुलं हात शेकत उभी राहिली. धगधगून तो विझला, तेव्हा चिमूटभर राख उरली. राख तराजूवर ठेवली, तर काटा जेमतेम हलला.

साक्षी नावाची एक मुलगी राखेकडे बघत म्हणाली, "मॅडम, वस्तुमान नाहीसं होत नाई म्हणता. मग बाकीचा कोळसा कुठी गेला?"

"हवेत गेला," नूतन फळ्याकडे वळत म्हणाली. "कोळशातला कार्बन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून वायू झाला. तो दिसत नाही, पण त्याला वजन आहे. आपण घमेल्याऐवजी सगळं बंद पेटीत जाळलं असतं आणि पेटीसकट मापलं असतं, तर वजन तेवढंच भरलं असतं."

"पण बंद पेटीत विझन ना तो."

"विझेल. पण लगेच नाही. आधी ऑक्सिजन कमी पडत जाईल, आणि कमी ऑक्सिजनमध्ये कार्बन अर्धवट जळतो. तेव्हा तयार होतो तो..." तिनं खडूनं कार्बन मोनॉक्साइड लिहिलं आणि वर्षानुवर्षं पाठ असलेली ओळ तोंडातून निघाली. "याला रंग नसतो, वास नसतो, धूर नसतो."

खडू फळ्यावर थांबला.

ही ओळ तिनं बारावीत लिहिली होती, बीएस्सीला लिहिली होती, कितीतरी वर्गांना लिहून दिली होती. ती कधी एखाद्या खोलीत, खाटेखाली असू शकते, असं तिच्या मनात आलंच नव्हतं.

व्हरांड्यात येऊन तिनं सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. सासऱ्यांचा लावला, तोही वाजत राहिला. दोघं शेतावर मळणीयंत्रावर धान चुरायला गेले असणार, यंत्राच्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय! दिव्यानीचा लावला. तो वाजून वाजून बंद झाला, तेव्हा नूतन पिशवीही न घेता निघाली.

येताना जो रस्ता अर्ध्या तासाचा होता, तो आता संपेचना. पुढे धान भरलेला ट्रॅक्टर, मग शेळ्यांचा कळप. ती हॉर्न वाजवत राहिली. आपण वेड्यासारखं निघालो, दिव्यानी झोपली असेल, सासूबाई चिडतील, असं ती स्वतःला सांगत होती आणि स्कूटीचा वेग वाढवत होती.

घर उघडंच होतं. मागच्या खोलीचं दार तिनं खांद्यानं ढकललं, साडी अडकली होती, पुन्हा ढकललं. दिव्यानी खाटेवरून अर्धी खाली लोंबत होती. उठायचा प्रयत्न केला असावा. गालांवर चांगली लाली होती, आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या गालांवरची ती लाली बघून नूतन जास्त घाबरली. तिनं आधी बाळ उचललं, अंगणात उन्हात नेऊन बाजेवर ठेवलं. मग दिव्यानीला काखेत हात घालून ओढत आणलं.

"दिव्यानी! अवं, डोळे उघड! माह्याकडे पाह्य!"

बाळ ढिलं पडलं होतं. नूतननं त्याच्या तळव्यांना टिचक्या मारल्या. आधी नुसतं तोंड वाकडं झालं, मग बारीक, चिरकं रडू आलं. शेजारच्या बाया धावत आल्या. कुणी रुग्णवाहिकेला फोन केला, कुणी शेताकडे पळालं.

उपकेंद्रातली नर्स स्वाती सगळ्यांच्या आधी पोचली. तिनं दिव्यानीच्या बोटाला चिमट्याचं यंत्र लावलं. आकडा उमटला, अठ्ठ्याण्णव.

"ऑक्सिजन एकदम बरोबर हाय, ताई. घाबरू नका," स्वाती म्हणाली.

नूतनला रडूच आलं. आकडा होता. मापलेला होता. ती तिथेच मातीत बसली. पण दिव्यानी अजून धड बोलत नव्हती, आणि त्या आकड्याचा आणि समोरच्या माणसाचा मेळ बसेना. ती पुन्हा उठली.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं शेगडीचं ऐकताच आधी दोघींना ऑक्सिजनचा मास्क लावला, मग बाकीचं विचारलं. सोबत आलेल्या स्वातीनं सांगितलेला आकडा ऐकून तो म्हणाला, "हे यंत्र इथं फसतं. रक्ताचा लाल रंग बघून ते आकडा देतं. हा वायू रक्ताला चिकटला तरी रक्त लालच दिसतं. त्याला वाटतं, ऑक्सिजनच आहे." स्वातीनं हातातल्या यंत्राकडे पाहिलं. नूतननंही. आपण मापतो ते नेमकं काय मापतो, हा प्रश्न तिनं वर्गात कधी विचारला नव्हता.

संध्याकाळपर्यंत दिव्यानी नीट बोलू लागली. बाळ दूध ओढू लागलं. डॉक्टरांनी दोघींना आणखी ठेवून घेतलं. वच्छलाबाई वॉर्डाबाहेर भिंतीशी बसून होत्या, अंगावर धानाचं भूस तसंच. नूतन जवळ बसली.

"म्या तर ऊब देऊन राह्यली होती," त्या म्हणाल्या. "माह्यं पोर थंडीनं गेलं. म्हणून म्या ऊब देत होती."

"आई, ऊब बरोबरच होती."

"मंग काय चुकलं?"

फळ्यावरचे शब्द इथे चालणार नव्हते. "कोळसा दोन वस्तू देतो," नूतन म्हणाली. "एक ऊब. तिले वजन नाई, ती कुठूनही आणता येते. दुसरा वायू. त्याले वजन हाय, तो जागा धरून बसतो. खोलीतली चांगली हवा संपली, आणि तो बसला. आपल्याले पह्यली पाह्यजे, दुसरा नको."

वच्छलाबाई पदरावरचं भूस वेचू लागल्या. नूतनला वाटलं, आपण उगाच बोललो.

दिव्यानी घरी आली त्या दिवशी शेगडी अंगणात होती. तिच्यावर विटा रचलेल्या. वच्छलाबाईंनी तापलेली वीट चिमट्यानं उचलली, गोणपाटात घट्ट गुंडाळली आणि खाटेखाली सरकवली. थोड्या वेळानं ती काढून दुसरी. खिडकी उघडी होती, आणि वाऱ्याची झुळूक आली की त्या अजूनही दचकत होत्या.

"आता तुह्या म्हणण्यासारखं झालं का?" त्यांनी नूतनकडे न बघता विचारलं.

"माह्या ध्यानातच नव्हती आली वीट," नूतन म्हणाली. ते खरंच होतं.

दिव्यानीचं डोकं पुढे बरेच दिवस दुखत राहिलं. बाळानं बाळसं धरलं. नूतनची अस्वस्थता मात्र वाढली. गावात कुणाकडे पाहुणी गेली तरी तिची नजर आधी खिडकीवर जाई. महिनाभरात गावातल्याच अन्नपूर्णाबाईंची सून बाळंतीण झाली. नूतन त्यांच्या दारात गेली, तर अन्नपूर्णाबाईंनी उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. "आमच्या घरचं आम्ही पाहू, मॅडम. तुमच्या घरी झालं, तसं सगळ्यांच्या घरी होते काय?"

नूतन घरी आली आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागली. वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चाल," त्या म्हणाल्या. "मीबी येतो. तिले म्या सांगतो, माह्या हातून काय होऊन राह्यलं होतं ते."