भातलावणीच्या गाण्यातली प्रार्थना

मध्यंतरी मला प्रार्थना नकोशी वाटू लागली होती, हे आधीच कबूल करते. लहानपणापासून जेवणाआधी, निजण्याआधी, परीक्षेला जाताना डोळे मिटणारी मी, साठी उलटल्यावर देवासमोर बसले की घुश्शात बसायची. कारण आमच्या ह्यांची वाचा गेली होती. गेल्या पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं बंद झालं. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त ‘ना... ना...’ एवढंच निघे. तीस वर्षं पोलादपूरच्या डोंगरवाड्यांमधून टपाल वाटलेला हा माणूस. कोणत्या घरात कोण राहतं, कोणाची सून कुठली, सगळी नावं त्यांना तोंडपाठ. आणि आता माझंही नाव घेता येईना.

मी पडले प्राथमिक शाळेतली बाई. पोरांना बाराखडी शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा हेही शिकवू, असं वाटलं. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ह्या प्रभूच्या प्रार्थनेचे मी तुकडे पाडले आणि रोज संध्याकाळी चहानंतर एकेक तुकडा त्यांच्याकडून म्हणवून घेऊ लागले. चुकलं की पुन्हा. परत चुकलं की परत पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम यायचा, तरी मी सोडायची नाही. मनातल्या मनात मी देवालाही बजावत होते की एवढी मेहनत मी करतेय, आता तूही जरा हातपाय हलव. एका संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातलं पुस्तक ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून आमच्या घरात एकत्र प्रार्थना बंद झाली. मी स्वयंपाकघरात एकटी पुटपुटायची, ते खिडकीशी बसून राहायचे. चाळीस वर्षांत आम्ही इतके लांब कधी गेलो नव्हतो, आणि आता असंच राहायचं की काय, ही धास्ती मला लागली होती.

अशा वेळी पोलादपूरचं जुनं घर फार आठवायचं. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. आसपास ख्रिस्ती घरं जेमतेम चार. चर्च नव्हतं, आमचे धर्मगुरू, पाळक, महिन्यातून एकदा यायचे, म्हणून दर रविवारी उपासना आमच्या पडवीत व्हायची. बऱ्याच बायकांना अक्षरओळख नव्हती, गायनाचं पुस्तक हातात धरून त्या नुसत्या बसायच्या. आबांना ते बघवेना. भातलावणीच्या दिवसांत शेजारच्या खाचरात बायका ओळीने वाकून गाणं म्हणायच्या, ‘रोप गो चाललं सासरला, बाय चाललं सासरला’. दर कडव्यात ओळीतल्या एकेकीचं नाव यायचं. नाव आलं की ती हात भराभर चालवायची, त्यामुळे मागे कोणी राहायचं नाही. आबांनी ती चाल उचलली आणि त्यावर प्रार्थना बसवली:

रोप हे तुझिया हातातलं, धन्या तुझिया हातातलं
नेशील तिथं रे रुजू दे, धन्या तिथं रे रुजू दे

आणि मग लावणीसारखीच नावं. पडवीत बसलेल्या प्रत्येकाचं नाव, आजाऱ्याचं नाव, मुंबईला गेलेल्याचं नाव. शेजारच्या शेतकरणी कुंपणापलीकडून ओरडायच्या, “कंपाउंडरांनी आमचं गाणं चोरलंन गो!” आणि वर ताल चुकला की त्याच दुरुस्त करायच्या. नाताळात त्यांच्या घरी करंज्यांचं ताट गेलं की चोरी माफ व्हायची.

मी नवी सून होते, शिकलेली होते. मला ते गाणं गावंढळ वाटायचं. शेणाने सारवलेल्या पडवीत वाकून रोपं लावल्यासारखे हात करत देवाची स्तुती! मला पुस्तकातली गायनं आवडायची, पेटीवर सुरात म्हणायची. आबा गेले, ती चार घरंही एकेक करून मुंबई-पुण्याला गेली आणि आम्ही महाडला बिऱ्हाड केलं. येताना गायनाचं पुस्तक मी ट्रंकेत नीट बांधून आणलं. गाणं मात्र तिथेच ठेवून आले, आणि त्याची मला कधी रुखरुखही लागली नाही.

जानेवारीत शेजारच्या वहिनी म्हणाल्या, इथून जवळच सवला गरम पाण्याचे झरे आहेत, त्यात पाय शेकून बघा, आखडलेल्या अंगाला बरं वाटतं. माझा काही विश्वास नव्हता, पण घरात बसूनही काय होणार होतं? रिक्षा करून सकाळी गेलो. कुंडात ह्यांना उतरवणं मला एकटीला जमणार नव्हतं, म्हणून बाहेर जिथे गरम पाणी वाहतं तिथल्या दगडावर त्यांना बसवलं आणि पाय पाण्यात सोडायला लावले. चटका बसताच त्यांनी पाय वर घेतला. मी म्हटलं, “ठेवा हो, काही होत नाही.” त्यांनी पुन्हा काढला. माझा आवाज चढला, तोच शाळेतला.

पलीकडे एक म्हातारी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय शेकत बसली होती. ती म्हणाली, “अगो बाय, वरडतेस कशाला? नवीन माणसाला चटका बसायचाच.” मग ह्यांच्याकडे वळून, “दादा, माझे बघा गुडघे, लावणी करून करून गेले. पोरगा मुंबयला, हाताखाली माणूस नाय. एकलीच लावते नि एकलीच गाणं म्हणते. आता पन म्हणते, गाणं सरंपर्यंत पाय काढायचा नाय, काय?”

आणि तिने सुरू केलं, ‘रोप गो चाललं सासरला’.

तीच चाल, तोच ठेका. इतक्या वर्षांनी ऐकत होते. तिचं दुसरं कडवं चालू झालं आणि मला शेजारून घोगरा, फाटका आवाज ऐकू आला. “रोप हे... तुझिया हातातलं...” मी वळून पाहिलं. हे डोळे मिटून गात होते. शब्द सुटे सुटे, काही जिभेखाली अडकलेले, पण शब्दच होते. पाय पाण्यात होते. म्हातारी हसली आणि आपले शब्द सोडून नुसती चाल धरून राहिली. “बेस म्हणता की! पन ह्ये आमचं नाय, ह्ये कुठलं?” तिने विचारलं. मला हुंदका आवरत नव्हता. डोळे पुसून पाहते तो तिला कोणीतरी टेंपोसाठी हाक मारली होती, आणि ती पिशवी उचलून लंगडत निघूनही गेली होती.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर मी जुन्या सवयीने पुस्तक काढलं. ह्यांनी मान हलवली, डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि गाणं सुरू केलं. मग नावं आली. आबांचं, सासूबाईंचं, पडवीतल्या त्या चार घरांतल्या माणसांची, ते बसायचे त्याच क्रमाने. अर्धीअधिक माणसं आता देवाघरी आहेत. ओळ सरकत सरकत दाराशी आली, जिथे मी नवी सून म्हणून बसायची. आणि माझं नाव आलं. अडखळत, पण पुरतं आलं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शाबूत राहतं. असेलही. मी वाद घालत नाही. मी देवाकडे वाचा मागितली होती, ती अजून आलेली नाही. पाणी हवं असलं तर हे आजही खुणेनेच मागतात. पण रोज संध्याकाळी ते पुढे म्हणतात आणि मी मागून म्हणते. मी आता शिकवत नाही, चुका काढत नाही. ‘नेशील तिथं रुजू दे’ असं म्हणायला इतकी वर्षं मला का जड गेलं, ते मला कळलं आहे. मला नेहमी जागाही मीच ठरवायची असायची. ज्या गाण्याची मला लाज वाटली, तेच देवाने दुसऱ्याच्या शेतात माझ्यासाठी जपून ठेवलं, ह्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

सवच्या त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहून गेलं. माझ्या नावानंतर हे थांबतात आणि डाव्या हाताने गुडघ्यावर दोन थापा मारतात. ती तिची जागा आहे.