हात लावायचा तास

साळवेसर गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "सकाळी, अंगणात." त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघं माजलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत शिकवायचो. मी मराठी, ते इतिहास. दुष्काळात धरणाचं पाणी पार तळाला गेलं आणि बुडालेल्या गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, जुनी खापरं उघडी पडली. सरांनी पुरातत्त्व खात्याला कळवलं. खात्याची माणसं येऊन पाहून गेली, काही खापरं आणि एक अखंड मडकं त्यांनी शाळेकडे सांभाळायला दिलं. कारखान्याने खताचं रिकामं गोदाम दिलं. तेच आमचं संग्रहालय. इतर ठिकाणी 'हात लावू नये' अशी पाटी असते. सर आधी हातच लावायला सांगत. घमेल्यात मातीचे थर भरून त्यात खापरं पुरायचे आणि मुलांच्या हाती रंगाचे ब्रश द्यायचे. नियम एकच : हे काय आहे ते सांगायचं नाही, काय दिसतंय ते सांगायचं.

पुढल्या हंगामात सुनीता आली, सातवीत. आईवडील शिरूर कासारचे, ऊसतोडीला आलेले. वर्गात ती तोंड उघडायची नाही. एकदा खापर फिरवत म्हणाली, "सर, हे चुलीवर चढलेलंच न्हाई. खालून काळं न्हाई." सर तिच्या शेजारी खाली बसले. "मला कावून सुचलं न्हाई हे?"

चार दिवसांनी तेच अखंड मडकं तिच्या हातून पडलं. दहा-बारा तुकडे झाले. कारखान्याचे एक संचालक म्हणाले, गोदामाला कुलूप लावा. सरांनी खात्याला पत्र लिहून चूक स्वतःवर घेतली. सुनीता मात्र शाळेत येईना, म्हणून आम्ही दोघं तिच्या आईवडलांच्या कोपीवर, उसाच्या पाचटाच्या झोपडीवर, गेलो. ती आईच्या मागे उभी होती.

"तिला मारू नका, सर," आई म्हणाली. "लई रडली."

"मारायला न्हाई आलो." सरांनी खिशातून एक तुकडा काढला. "सुनीता, मडकं बाहेरून लाल, पण फुटल्या कडंला मधोमध काळं हाय. कावून आसंल?"

तिने तुकड्याकडे पाहिलं. मग पुढे आली. "आच आतपर्यंत गेली नसंल."

"मलाबी तसंच वाटतंय. चल, बाकीचे तुकडे बघू."

आठवडाभर मुलं तुकडे जुळवत होती. खात्याचे अधिकारी आले तेव्हा न जुळलेल्या एका तुकड्यावरची काळी कड सुनीतानेच त्यांना दाखवली. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन तिला तीन प्रश्न विचारले. मडकं शाळेतच राहिलं, कुलूप लागलं नाही. हंगाम संपल्यावर सुनीता गेली, पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही. सर मात्र दर हंगामात शिरूरकडची मुलं कोण आली ते विचारत राहिले…

मागच्या रविवारी मी चौसाळ्याला सरांच्या घरी गेले होते. चहा झाला, आणि बोलता बोलता वहिनी, सरांच्या पत्नी, थांबल्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मी रिकामा कप पालथा करून त्याची बुडाची खरखरीत कड बोटाने चाचपत होते.

"बाई, तुमालाबी लावली का त्यांनी ही खोड?" असं म्हणून त्यांनी आपलाही कप उलटा केला आणि उजेडाकडे धरला.