नववीतल्या मुलीचं लग्न आणि आमची मीटिंग

मंडळी, शाळेतून आत्ताच घरी आलेय. डोकं सुन्न झालंय.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमची छोटी शाळा. नववीतल्या एका मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना बोलावलं. काय करायचं?

"गावाशी वाकडं नको," गणिताचे सर म्हणाले. "आपल्याला इथंच नोकरी करायचीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझं लग्न नववीतच झालं. माझ्या शिक्षकांना माहीत होतं. ते लग्नात जेवायला आले होते."

इतकी वर्षं सोबत काम करतोय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग गणिताचे सरच उठले. "आज सगळेच जाऊ तिच्या घरी."

शाळा सुटल्यावर गेलो. लग्न लावलंत तर तक्रार करू, हेही सांगितलं. तिच्या बापाने आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली. मग म्हणाला, "तुमी सगळी दारात आलाव. आता नाय करत लग्न."

निर्णय बरोबर झाला. पण त्यासाठी एका बाईला स्वतःचं दुखणं सगळ्यांसमोर उघडं करावं लागलं, हा धक्का ओसरत नाहीये. तुमच्या शाळेत काय झालं असतं?