शनिवारी कबरींना चुना

परतवाड्याहून पुण्याची बस सुटली तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते. "नाताळाले नाही जमलं तं चालते, ईस्टरले येत जाजो," एवढंच म्हणाले. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्हाला सांगते, पहिली तीन वर्षं मी गेले. मग एकदा ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आडवं आलं, एकदा लीव्ह मिळाली नाही, आणि पुढे मागायचंही सोडून दिलं.

बाबा शाळामास्तर. रविवारी चर्चमध्ये मुलांना गोष्टी सांगायचे. ईस्टरसाठी त्यांच्याकडे परदेशातून आलेली जुनी चित्रं होती. वितळणारं बर्फ, लिलीची फुलं, गुबगुबीत कोकरू. बाहेर आमच्याकडे अंग भाजणारं ऊन. चित्रं दाखवून झाली की ते म्हणायचे, हा त्यांचा वसंत झाला, आता आपला बघा. मग आम्हाला कबरस्तानातल्या कडुनिंबाखाली न्यायचे. खाली पिवळ्या पानांचा खच आणि वर तांबूस पालवी, दोन्ही एकाच वेळी. मरणं आणि उठणं यांत फार अंतर नसतं, असं त्यांना सांगायचं असावं. आम्हाला तेव्हा नुसती सावली आवडायची.

त्याच कडुनिंबाखाली आता बाबा आहेत. शेजारची जागा आईसाठी राखलेली आहे. ते गेल्यावर आई माझ्याकडे विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर आली ती एकाच अटीवर. मी मेले की मला मास्तरांशेजारी न्यायचं. मी हो म्हटलं. शब्द देताना कुणी नकाशा उघडून बसत नाही.

आमच्याकडे ईस्टरला शुक्रवार रडायचा, रविवार गाण्याचा, आणि मधला शनिवार कबरींना चुना द्यायचा. रविवारी उजाडताना कबरस्तानातच उपासना व्हायची, तेव्हा आपली माणसं स्वच्छ दिसायला हवीत. येशूची गोष्ट सांगणारे या शनिवारावर फार थांबत नाहीत. मरण होऊन गेलेलं असतं, उठणं व्हायचं असतं, आणि माणसं नुसती दमलेली असतात. गाव सोडल्यापासून मी त्याच शनिवारात राहते आहे असं मला वाटतं. इथल्या चर्चमध्ये स्क्रीनवर 'नवं जीवन' असं येतं, मी मान डोलावते आणि मनात सोमवारचे कॉल मोजते.

यंदा आईने कसबा पेठेतून चुना आणायला लावला आणि शनिवारी सकाळीच तो भिजवून बसली. आपलं इथे कोण आहे, असं मी दोनदा विचारलं. तिने ऐकलं नाही. शेवटी कॅब करून इथल्या कबरस्तानात गेलो. कोपऱ्यातली एक बेवारस वाटणारी कबर तिने निवडली आणि कुंचल्याने पांढरी करून टाकली. तेवढ्यात फुलं घेऊन एक गृहस्थ आले. सकाळपर्यंत काळा असलेला दगड त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"आजी, हे आमचे वडील. आपली ओळख होती का?"

आई ओशाळली. "नाही जी. आमचे मास्तर लांब आहेत, म्हणून इथं देला."

"आणि तुमचं इथे कोण आहे?"

"अजून कोणी नाही."

 मी ओल्या फडक्याने चुना पुसायला वाकले, तर ते "राहू द्या" म्हणाले आणि फुलं ठेवून निघून गेले.

परतताना रिक्षात आई बाहेर बघत म्हणाली, "मले इथंच ठेवजो. तिथं तू येत नाही. इथं निदान येशील."

मला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की घर येईपर्यंत तिच्याकडे बघवलं नाही. गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मी अजून तिकडचंच नाव सांगते. पण आई आता इथे राहणार आहे, आणि तिकडे बाबांच्या शेजारची जागा मोकळीच राहणार आहे.